भाकरी फिरवून झाल्यावर : न्यूझीलंडमधील द्विपक्षपद्धती आणि मतदाराचा भ्रमनिरास

१९ सप्टेंबर १९९२ रोजी न्यूझीलंडच्या मतदाराच्या हाती जी मतपत्रिका पडली तिच्यावर कोणा उमेदवाराचे नाव नव्हते, कोणा पक्षाचेही नव्हते. दोन प्रश्न होते. चालू निवडणूकपद्धती ठेवायची की बदलायची, हा पहिला. आणि बदलायची झालीच तर पुढे दिलेल्या चार पद्धतींपैकी कोणती आणायची, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला ८४.७ टक्के मतदारांनी ‘बदला’ असे उत्तर दिले. दुसऱ्या प्रश्नात ७०.५ टक्क्यांनी जर्मनीच्या धर्तीची मिश्र प्रमाणशीर पद्धती निवडली. मतदानाला आले होते ५५ टक्के लोक. ज्या देशात सार्वत्रिक निवडणुकीला ८५ टक्क्यांहून कमी मतदान क्वचितच होत असे, त्या देशाच्या मानाने हा आकडा कमीच. तरीही आलेल्यांचा कौल इतका एकतर्फी होता, की तो दोन्ही मोठ्या पक्षांविरुद्ध एकाच वेळी दिलेला निकाल आहे हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

हा देश काही राजकीय उलथापालथींसाठी प्रसिद्ध नव्हता. राष्ट्रीय निवडणुकीत स्त्रियांना मताधिकार देणारा पहिला स्वशासित देश हा (१८९३), आणि १९३८ मध्ये सामाजिक सुरक्षेचा व्यापक कायदा करणाराही हाच. १९५१ च्या निवडणुकीत नॅशनल पक्ष आणि मजूर पक्ष या दोघांनी मिळून ९९.८ टक्के मते घेतली होती. द्विपक्षपद्धतीचा याहून शुद्ध नमुना जगात शोधूनही सापडायचा नाही. शंभरातली जवळजवळ शंभर मते दोन पक्षांना देणारा मतदार चाळीस वर्षांत त्या दोघांनाही एकदम नाकारण्यापर्यंत कसा पोहोचला, याचा शोध या लेखात घ्यायचा आहे.

त्यासाठी या देशाच्या सत्तारचनेची एक खूण आधी लक्षात ठेवावी लागेल. न्यूझीलंडमध्ये एकसंध लिखित राज्यघटना नाही. वरिष्ठ सभागृह होते, ते १९५० मध्ये कायदा करून मोडीत काढले. मोडीत काढण्याच्या बाजूने मत देतील असे सदस्य त्याच सभागृहात नेमून हे काम पार पाडण्यात आले. संघराज्य नाही, त्यामुळे राज्यसरकारे नाहीत. संसदेने केलेला कायदा रद्द करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. म्हणजे बहुमतातल्या मंत्रिमंडळाला अडवू शकेल अशी गोष्ट उरली एकच : दर तीन वर्षांनी येणारा मतदार. आपल्याकडे ज्याला ‘भाकरी फिरवणे’ म्हणतात त्या एका कृतीवर तिथली सगळी घटनात्मक इमारत उभी होती. इतर देशांत सत्ताधारी पक्षाने फसवले तर न्यायालय, वरिष्ठ सभागृह, प्रांत अशी चार दारे ठोठावता येतात. इथे दार एकच, आणि ते म्हणजे समोरचा पक्ष.

१९९२–९३ च्या उठावाची दोन स्पष्टीकरणे अभ्यासकांत रूढ आहेत. पहिले अंकगणिताचे. १९७८ मध्ये मजूर पक्षाला ४०.४ टक्के आणि नॅशनलला ३९.८ टक्के मते मिळाली. जागा मात्र नॅशनलला ५१ आणि मजूर पक्षाला ४०. तीन वर्षांनी तेच पुन्हा घडले : मजूर ३९, नॅशनल ३८.८, आणि सरकार पुन्हा नॅशनलच्या रॉबर्ट मल्डून यांचे. सोशल क्रेडिट या तिसऱ्या पक्षाची गत तर याहून वाईट. १९८१ मध्ये त्याने २०.७ टक्के मते घेतली आणि ९२ पैकी दोन जागा मिळवल्या. दर पाच मतदारांतला एक ज्याच्या मागे उभा आहे त्या पक्षाचे सगळे खासदार एका मोटारीत मावत होते. या अन्यायातून निवडणूकसुधारणेची मागणी निघाली, असे हे स्पष्टीकरण सांगते.

यात तथ्य आहे, पण ते पक्षाच्या कार्यालयातले तथ्य आहे. १९८१ मध्ये न्यूझीलंडचे रस्ते माणसांनी भरून वाहत होते हे खरे. मात्र ते निवडणूकपद्धतीसाठी नव्हे, तर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाच्या दौऱ्याविरुद्ध. जास्त मते मिळवून दोनदा विरोधात बसावे लागल्याची सल मजूर पक्षाला होती, आणि म्हणून सत्तेवर आल्यावर त्याने १९८५ मध्ये निवडणूकपद्धतीवर शाही आयोग नेमला. सर्वसामान्य मतदार या अंकगणितावर रागावला असता तर तो १९८१ मध्येच रागावला असता. तो रागावला दहा वर्षांनी, आणि तोही अशा वेळी, जेव्हा नुकत्याच झालेल्या दोन्ही निवडणुकांत जास्त मतांचाच पक्ष सत्तेवर आला होता.

दुसरे स्पष्टीकरण हलाखीचे. आर्थिक सुधारणांनी माणसे बेकार झाली, बेकारीचे प्रमाण १९९१–९२ च्या सुमारास ११ टक्क्यांच्या आसपास गेले, माओरी कामगारांत तर दर चौघांतला एक कामाविना होता. मग लोक चिडणारच. हे स्पष्टीकरण मनाला लगेच पटते, म्हणूनच ते तपासून घ्यावे लागते. कारण १९८७ ची निवडणूक त्याच्या आड येते.

ती कशी, हे पाहायचे तर १९८४ पासून सुरुवात करावी लागेल. त्या वर्षी १४ जूनच्या रात्री मल्डून यांनी, मद्याच्या अमलाखाली असल्याचे कॅमेऱ्यांना लपवता येत नसताना, अचानक निवडणूक जाहीर केली. पंतप्रधानपद आणि अर्थखाते दोन्ही त्यांच्याच हाती होते. वेतन आणि किमती त्यांनी सरकारी हुकमाने गोठवून ठेवल्या होत्या. महिन्याभरात मतदान झाले आणि डेव्हिड लाँगी यांचा मजूर पक्ष ४३ टक्के मते व ९५ पैकी ५६ जागा घेऊन निवडून आला. निकालाबरोबरच चलनसंकट उभे राहिले आणि न्यूझीलंड डॉलरचे २० टक्के अवमूल्यन करावे लागले. या संकटाच्या आडोशाने अर्थमंत्री रॉजर डग्लस यांनी जे सुरू केले त्याला पुढे ‘रॉजरनॉमिक्स’ असे नाव पडले. शेतीची अनुदाने गेली, चलन खुले झाले, वस्तू-सेवा कर आला, प्राप्तिकराचा वरचा दर चार वर्षांत ६६ टक्क्यांवरून ३३ वर आला. सरकारी खात्यांचे नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांत रूपांतर झाले, आणि नंतर त्या विकायलाही काढल्या गेल्या. यातले फारसे काही प्रचारात मांडलेले नव्हते. त्याच निवडणुकीत मुक्त बाजारपेठेचा उघड पुरस्कार करणारा ‘न्यूझीलंड पार्टी’ नावाचा नवा पक्ष उभा होता. त्याला १२.२ टक्के मते आणि शून्य जागा मिळाल्या. ज्याला एकही जागा मिळाली नाही त्याचा कार्यक्रम, कामगारांच्या मतांवर निवडून आलेल्या पक्षाने अमलात आणला, असे कोणी म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरू नये.

आता १९८७. तीन वर्षे हे सगळे सोसल्यावर मतदाराने मजूर पक्षाला धडा शिकवायला हवा होता. उलट त्याची मते ४३ वरून ४८ टक्क्यांवर गेली. ऑकलंडमधल्या रेमुएरासारख्या धनिक, पिढीजात नॅशनलच्या मतदारसंघात मजूर पक्ष विजयाच्या उंबरठ्यावर पोहोचला. शेअरबाजार चढा होता, त्याची घसरण ऑक्टोबरात व्हायची होती. शिवाय आणखी एक कारण होते, ज्याला अर्थकारणाचे अभ्यासक पुरेसे महत्त्व देत नाहीत. अण्वस्त्रांच्या बाबतीत या सरकारने दिलेला शब्द पाळला होता. अण्वस्त्रे आहेत की नाहीत हे सांगायला अमेरिकेने नकार दिल्यावर १९८५ मध्ये तिच्या युद्धनौकेला बंदरात येऊ दिले गेले नाही, अमेरिकेने १९८६ मध्ये संरक्षणाची हमी काढून घेतली, तरी सरकार हटले नाही. जून १९८७ मध्ये देश अण्वस्त्रमुक्त करण्याचा कायदाच झाला. महासत्तेपुढे शब्द न फिरवणारा पक्ष आपल्याशी तरी सरळ वागेल, असे मतदाराला वाटले असावे. हलाखी आणि भ्रमनिरास यांच्यात विश्वासाची एक भिंत असते, आणि ती १९८७ पर्यंत उभी होती.

ती ढासळली त्यानंतर. ५ फेब्रुवारी १९८८ या एका दिवशी ४३२ टपालकचेऱ्या बंद झाल्या. हा आकडा आपल्या वाचकाला कदाचित मोठा वाटणार नाही, पण तेहतीस लाख वस्तीच्या देशात तो मोठा होता. तिथल्या लहान गावात टपालकचेरी म्हणजे बचत बँक, दूरध्वनी, पेन्शन आणि मतदारनोंदणी. सरकार नावाची वस्तू गावात ज्या एका इमारतीत दिसत होती तिला कुलूप लागले. वनखात्याच्या नोकरीवर जगणाऱ्या, बहुसंख्य माओरी वस्तीच्या गावांवर त्याआधीच वर्षभर हा प्रसंग आला होता. याच सुमारास लाँगी आणि डग्लस यांच्यात सरसकट एकाच दराच्या प्राप्तिकरावरून जुंपली. लाँगी यांनी जाहीरपणे घोषित झालेली योजना एकट्याने रद्द केली आणि आता थोडे थांबून चहा घेऊ या, अशा अर्थाचे बोलू लागले. त्यांचे म्हणणे पक्षाने ऐकले नाही. १९८९ च्या ऑगस्टपासून १९९० च्या ऑक्टोबरपर्यंत देशाने तीन पंतप्रधान पाहिले : लाँगी, जेफ्री पामर आणि माइक मूर. जिम अँडरटन पक्ष सोडून गेले आणि त्यांनी ‘न्यू लेबर’ काढला. जुना मजूर पक्ष नव्या नावाने काढावा लागला, यात सगळे आले.

इथवरची कथा कोणत्याही लोकशाहीची आहे. सत्ताधारी पक्ष शब्द मोडतो, मतदार भाकरी फिरवतो. १९९० मध्ये न्यूझीलंडच्या मतदाराने ती जोरात फिरवली : ९७ पैकी ६७ जागा नॅशनलला. जिम बोल्जर यांनी प्रचारात सभ्य, माणुसकीच्या समाजाची भाषा केली होती. निवृत्तिवेतनावर मजूर पक्षाने लावलेला अधिभार काढून टाकू, त्यात कसलाही किंतु-परंतु नाही, असे सांगितले होते. विद्यार्थ्यांवरचे १,२५० डॉलरचे शुल्क रद्द करू म्हटले होते. ज्याला डग्लस यांनी घायाळ केले त्याने मलमपट्टीसाठी नॅशनलकडे पाहिले, यात भोळेपणा नव्हता. त्या घटनारचनेत त्याला दुसरीकडे पाहायला जागाच नव्हती.

सत्तेवर येताच नव्या सरकारला कळले, की बँक ऑफ न्यूझीलंड बुडायच्या बेतात आहे आणि तिजोरीची अवस्था सांगितली होती त्याहून वाईट आहे. १९८४ मध्ये चलनसंकट, १९९० मध्ये बँक. दोन्ही वेळा नव्या धन्याने कोठार उघडले आणि आत धान्य नाही म्हणून दिलेले शब्द परत घेतले. अर्थमंत्री रूथ रिचर्डसन यांनी डिसेंबरातच भत्त्यांतली कपात जाहीर केली. ती १ एप्रिल १९९१ पासून लागू झाली. त्याच दिवशी १९४६ पासून प्रत्येक मुलामागे प्रत्येक आईला मिळणारा कुटुंबभत्ता बंद झाला. मे महिन्यात कामगार संघटनांचे कंबरडे मोडणारा रोजगार करार कायदा आला. सरकारी घरांची भाडी बाजारभावाला नेण्याचे ठरले. रुग्णालयात राहण्याचे शुल्क लावले गेले, आणि लोकक्षोभापुढे ते मागे घ्यावे लागले. निवृत्तिवेतनाचा अधिभार गेला नाही; उलट पात्रतेचे वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ करायला घेतले. विद्यार्थ्यांचे शुल्क सरकारने काढले खरे, पण विद्यापीठांना आपापले शुल्क ठरवायची मोकळीक दिली. आश्वासन अक्षरशः पाळून अर्थाने मोडण्याचा हा प्रकार मला उघड शब्दभंगापेक्षा अधिक अपमानकारक वाटतो, कारण त्यात ऐकणाऱ्याला भाषा कळत नाही असे गृहीत धरलेले असते.

येथे एका प्रचलित सिद्धांताशी मतभेद नोंदवायला हवा. द्विपक्षपद्धतीत लोक निराश होतात, कारण दोन्ही पक्ष सारखेच होऊन जातात, असे सर्रास लिहिले जाते. न्यूझीलंडचा इतिहास याला साक्ष देत नाही. १९३८ चा कल्याणकारी राज्याचा साचा मजूर पक्षाने घडवला, १९४९ मध्ये आलेल्या नॅशनलने तो जवळजवळ जसाच्या तसा चालवला. पुढची पस्तीस वर्षे दोन्ही पक्षांत फरक होता तो कारभाऱ्यांचा आणि मतदारवर्गाचा. धोरणाचा फारसा नव्हता. त्या काळात कोणी भ्रमनिरास झाल्याची तक्रार केली नाही. दोन्ही दुकानांत एकच माल मिळतो याचा तेव्हा आधार वाटत होता, कारण तो माल गिऱ्हाइकाने मागितलेला होता. १९८४ नंतरही दोन्ही दुकानांत एकच माल मिळू लागला, पण तो कोणी मागितला नव्हता, आणि पाटीवर त्याचे नाव लिहिलेले नव्हते. सारखेपणा तोच, बदलले ते मतदाराचे आणि जाहीरनाम्याचे नाते.

डग्लस यांना याची जाणीव नव्हती असे नाही. १९९३ मध्ये, म्हणजे सार्वमताच्याच वर्षी, त्यांचे ‘अनफिनिश्ड बिझनेस’ हे पुस्तक निघाले. सुधारणा तुकड्यातुकड्याने न करता मोठ्या झेपेने कराव्यात, वेग हाच कळीचा, वेग असला की विरोधकांना एकत्र यायला सवड मिळत नाही, असे त्यात त्यांनी खुलेपणाने मांडले आहे. पुस्तक स्वच्छ आणि निर्भीड आहे. दुखणे एवढेच, की हा खुलेपणा सत्ता गेल्यावरच्या पुस्तकात आला. तो १९८४ च्या जाहीरनाम्यात असता तर मतदाराला हो किंवा नाही म्हणण्याची संधी तरी मिळाली असती. विरोधकांना सवड मिळू न देणे म्हणजे काय? तीन वर्षांच्या मुदतीत विरोधक हे बहुतांशी मतदारच असतात.

जेफ्री पामर यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची. राजकारणात येण्याआधी ते कायद्याचे प्राध्यापक होते आणि १९७९ मध्ये त्यांनी ‘अनब्रायडल्ड पॉवर?’ या पुस्तकात न्यूझीलंडच्या मंत्रिमंडळाच्या हाती किती निरंकुश सत्ता एकवटली आहे हे दाखवून दिले होते. नंतर तेच उपपंतप्रधान आणि न्यायमंत्री झाले, आणि त्या निरंकुश सत्तेचा इतिहासातला सर्वांत वेगवान वापर ज्या मंत्रिमंडळाने केला त्यात बसले. त्यांच्या पदरात एक गोष्ट मात्र टाकलीच पाहिजे. निवडणूकपद्धतीवरचा शाही आयोग त्यांच्याच आग्रहाने नेमला गेला. न्यायमूर्ती जॉन वॉलेस यांच्या अध्यक्षतेखालील त्या आयोगाने डिसेंबर १९८६ मध्ये अहवाल दिला : संसदेत १२० सदस्य असावेत, मतदाराला दोन मते असावीत, एक मतदारसंघातल्या उमेदवाराला व एक पक्षाला, आणि पक्षाच्या एकूण जागा पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात ठराव्यात. दोन्ही पक्षांच्या बहुसंख्य खासदारांना हे नको होते. अहवाल फडताळात गेला.

तो बाहेर आला तो एका घसरलेल्या जिभेमुळे. १९८७ च्या प्रचारात दूरचित्रवाणीवरील वादचर्चेत लाँगी यांनी या विषयावर सार्वमत घेण्याचे आश्वासन देऊन टाकले. टिपण चुकीचे वाचल्यामुळे ते दिले गेले, असा खुलासा नंतर होत राहिला. मजूर पक्षाने सार्वमत घेतले नाही. नॅशनलला हे आयते कोलीत मिळाले. शब्द मोडणाऱ्या मजूर पक्षाला खिजवण्यासाठी १९९० मध्ये त्याने आपण सार्वमत घेऊ असे जाहीर केले. बोल्जर यांना स्वतःला ही पद्धती पसंत नव्हती. पण इतके शब्द मोडून झाल्यावर हाही मोडणे त्यांच्या सरकारला परवडणारे नव्हते. म्हणून दोन टप्प्यांची योजना झाली : १९९२ मध्ये कल अजमावणारे आणि १९९३ मध्ये बंधनकारक सार्वमत. मधल्या वर्षात राग निवेल अशी अपेक्षा त्यामागे असावी, असे म्हणणे अन्यायाचे ठरणार नाही. दोन्ही पक्षांनी सहज तोंडातून काढलेले, एकालाही मनातून नको असलेले हे एकमेव आश्वासन तेवढे पाळले गेले.

राग काही प्रमाणात निवलाही. ६ नोव्हेंबर १९९३ च्या सार्वमतात नव्या पद्धतीला ५३.९ टक्के मते पडली, म्हणजे आदल्या वर्षीच्या मानाने बरीच कमी. विरोधी मोहिमेकडे पैसा भरपूर होता. तिचे नेतृत्व करणारे उद्योगपती हे खाजगीकरण झालेल्या टेलिकॉम कंपनीचे अध्यक्ष होते. खासदार ९९ वरून १२० होणार, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. जो वर्ग लोकांना नकोसा झाला आहे तो आणखी एकवीस जणांनी वाढवायचा, हे कोणाला रुचेल? तरी बदल जिंकला. सरकारी मालमत्ता विकत घेणारे ज्या पद्धतीला घाबरतात ती आपल्या हिताची असली पाहिजे, असा सरळ हिशेब अनेकांनी केला. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची शास्त्रीय चर्चा किती जणांनी वाचली असेल याबद्दल मला शंका आहे. त्याच दिवशी झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत नॅशनलला ३५ आणि मजूर पक्षाला ३४.७ टक्के मते मिळाली. दोघांचे मिळून सत्तरच्याही खाली. अँडरटन यांच्या ‘अलायन्स’ने १८.२ टक्के मते घेऊन दोन जागा मिळवल्या. जुन्या पद्धतीने जाता जाता आपला स्वभाव आणखी एकदा दाखवला.

याच मतदाराला हवे असलेले आणखी एक उत्तर शांतपणे मिळाले, त्याचा उल्लेख फारसा होत नाही. १९९४ मध्ये राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा झाला. निवडणुकीपूर्वी अर्थखात्याने सरकारी हिशेबांची खरी स्थिती जाहीर केलीच पाहिजे, असे बंधन त्याने घातले. कोठार उघडल्यावर धान्य नव्हते, ही सबब पुन्हा कोणाला सांगता येऊ नये, याची ही तजवीज. कायद्यामागची प्रेरणा रिचर्डसन यांची होती, हा योगायोग नोंदवून ठेवण्याजोगा.

नव्या पद्धतीची पहिली निवडणूक १२ ऑक्टोबर १९९६ ला झाली. नॅशनल ४४, मजूर ३७, आणि मधोमध १७ जागा घेऊन विन्स्टन पीटर्स यांचा ‘न्यूझीलंड फर्स्ट’. पीटर्स नॅशनलमधून बाहेर पडलेले, त्या पक्षाच्या विश्वासघातावर तोंडसुख घेत निवडून आलेले. त्यांना मत देणाऱ्या बऱ्याच जणांना वाटत होते, की ते बोल्जर यांना घालवणार. सुमारे दोन महिने वाटाघाटी चालल्या आणि डिसेंबरात पीटर्स उपपंतप्रधान होऊन बोल्जर यांच्याच शेजारी बसले. ज्या रोगावर म्हणून औषध घेतले त्याचेच लक्षण पहिल्या मात्रेत दिसले. १९९८ मध्ये आघाडी फुटली, तेव्हा पीटर्स यांच्या पक्षातले काही खासदार पक्ष सोडून सरकारला चिकटून राहिले. त्याआधी अलायन्सच्या यादीतून आलेली एक सदस्याही पक्षाबाहेर पडली होती, पण जागा सोडायला तयार नव्हती. माओरी भाषेत लांब होडीला ‘वाका’ म्हणतात. अशा उड्यांना तिथे ‘वाका बदलणे’ असे नाव पडले आणि २००१ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. १९८५ मध्ये बावन्नावी घटनादुरुस्ती केलेल्या आणि तरीही होड्या बदलताना रोज पाहणाऱ्या आपल्या वाचकाला या कायद्याच्या गुणदोषांविषयी वेगळे सांगायला नको. १९९९ मध्ये पीटर्स यांच्या पक्षाला ४.३ टक्के मते पडली, आणि ते स्वतः टौरंगातून ६३ मतांनी वाचले.

माओरी मतदाराची कथा या सगळ्याला छेद देते. १८६७ पासून माओरींसाठी वेगळ्या जागा आहेत, आणि १९३० च्या दशकात राताना या धार्मिक चळवळीने मजूर पक्षाशी हात मिळवल्यानंतर दीर्घकाळ त्या चारही जागा मजूर पक्षाच्या खिशात होत्या. म्हणजे द्विपक्षपद्धतीच्या या आदर्श देशात माओरींच्या वाट्याला एकपक्षपद्धतीच आली होती; फिरवायला त्यांच्याकडे भाकरीच नव्हती. टपालकचेऱ्या आणि वनखाते गेल्याचा सर्वाधिक फटका ज्यांना बसला त्यांच्या मताची किंमत दोन्ही पक्षांच्या हिशेबात सर्वांत कमी होती. १९९६ मध्ये माओरींच्या पाचही जागा पीटर्स यांच्या पक्षाला गेल्या, १९९९ मध्ये सहाच्या सहा पुन्हा मजूर पक्षाकडे आल्या, आणि २००४ मध्ये समुद्रकिनाऱ्याच्या मालकीवरून मजूर सरकारशी बिनसल्यावर माओरी पक्ष स्थापन झाला. नव्या पद्धतीने कोणाला काही मिळवून दिले असेल तर सर्वांत आधी यांना : पक्ष सोडून जाण्याची धमकी देण्याची ताकद. वर आयोगाने माओरींच्या वेगळ्या जागा काढून टाकाव्यात अशी शिफारस केली होती. ती माओरींच्या विरोधामुळे फेटाळली गेली. लोकांनी आयोगाची दिशा स्वीकारली, पण त्याच्या प्रत्येक कलमावर अंगठा उमटवला नाही.

या पद्धतीचा उगम ज्या ब्रिटनमध्ये आहे तिथले चित्र शेजारी ठेवले तर न्यूझीलंडचे वेगळेपण नीट दिसते. १९५१ मध्ये तिथेही हुजूर आणि मजूर पक्षांची मिळून ९७ टक्क्यांच्या जवळपास मते होती. २०२४ मध्ये ती बेरीज ५७.४ टक्क्यांवर आली, तरी ३३.७ टक्के मतांवर मजूर पक्षाला ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. निराशा तिथे कमी नाही. परंतु २०११ मध्ये त्यांच्यापुढे सार्वमत आले तेव्हा पर्याय म्हणून जी पद्धती ठेवली होती ती प्रमाणशीर नव्हतीच, आणि ६७.९ टक्क्यांनी ती नाकारली. वर्षानुवर्षे फडताळात पडून राहिलेला, तयार, समजण्याजोगा अहवाल ब्रिटिश मतदारापुढे त्या दिवशी नव्हता. वॉलेस आयोगाचे महत्त्व इथे कळते. राग सगळीकडेच असतो. तो आला त्या दिवशी हाताशी काय होते, याने फरक पडतो.

मग न्यूझीलंडचा मतदार समाधानी झाला का? २०११ मध्ये पुन्हा विचारले तेव्हा ५७.८ टक्क्यांनी नवी पद्धती कायम ठेवली. त्याच दिवशीच्या निवडणुकीत नोंदणी झालेल्यांपैकी ७४ टक्केच मतदानाला आले, शंभर वर्षांहून अधिक काळातले सर्वांत कमी. १९९९ मध्ये नागरिकांच्या पुढाकाराने झालेल्या सार्वमतात ८१.५ टक्क्यांनी खासदारांची संख्या पुन्हा ९९ करावी असे सांगितले होते. ते बंधनकारक नव्हते. संख्या १२० च राहिली. २०२० मध्ये मजूर पक्षाला ५० टक्के मते आणि एकट्याच्या बळावर बहुमत मिळाले, तीनच वर्षांनी तो २६.९ वर आला. भाकरी अजूनही फिरते, पूर्वीपेक्षा जास्त वेगाने फिरते. पण आता शेगडीवर तवे अनेक आहेत.

आणि नियमांत नव्या भेगाही आहेत. संसदेत वाटा मिळवायला ५ टक्के मते किंवा मतदारसंघातली एक जागा लागते. २००८ मध्ये ‘अ‍ॅक्ट’ पक्षाला ३.६५ टक्के मते मिळाली, पण एप्सम मतदारसंघ जिंकल्याने त्याचे पाच खासदार झाले. न्यूझीलंड फर्स्टला ४.०७ टक्के मते मिळूनही एक जागा आली नाही. १९८१ च्या सोशल क्रेडिटची आठवण व्हावी असाच हा प्रकार. २०१२ मध्ये निवडणूक आयोगाने फेरआढावा घेऊन उंबरठा ४ टक्क्यांवर आणावा आणि एका जागेची सवलत काढून टाकावी अशी शिफारस केली. शाही आयोगानेही १९८६ मध्ये ४ टक्केच सुचवले होते. पक्षांमध्ये एकमत नाही, असे कारण देऊन सरकारने ही शिफारस बाजूला ठेवली. २०२३ ची निवडणूकही ५ टक्क्यांच्याच उंबरठ्यावर झाली.